ऑकलंडच्या बाप्पाची शिदोरी

भावना ओव्हाळ नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. भावनाने एकदा सांगून पाहिलं होतं.

"लोकांचा माल लोकांच्या ट्रेलरवर चढवायचा. लोकांच्या जहाजातून लोकांच्या देशात पाठवायचा."

"मग त्यात तुझं काय?" आईने विचारलं.

"माझा फोन."

आईने मान हलवली आणि भाजी निवडायला घेतली. मुलगी सरकारी नोकरीत नाही, एवढाच त्यातून तिने अर्थ काढला.

भावनाचे वडील शिक्षक. मुलीनेही शाळेत शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. बौद्धवाडीतली बी. कॉम. झालेली ती पहिलीच. डी. एड.चा नंबर लागेपर्यंत तीन महिने टायपिंग करते, असं सांगून ती उरणजवळच्या जासई नाक्यावर आली. ते तीन महिने अजून संपले नव्हते. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती.

ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'हर्षद शहा अँड सन्स, इंटरनॅशनल फ्रेट फॉरवर्डर्स'. सन्स दोन होते. एक कॅनडात दातांचा डॉक्टर झाला होता. दुसरा अहमदाबादेत योग शिकवत होता. ऑफिसात उरले होते हर्षदशेठ, भावना आणि एक प्रिंटर. प्रिंटर फक्त भावनाचं ऐकायचा.

तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. बोटीने ती आयुष्यात एकदाच गेली होती, रेवसहून भाऊच्या धक्क्याला, आणि अर्ध्या वाटेत तिने एका अनोळखी बाईच्या पिशवीत ओकारी केली होती. पण डर्बनच्या बंदरात संप कधी होतो, ऑकलंडचा कस्टमवाला किती वाजता जेवायला उठतो, हे तिला ठाऊक असायचं. कोणत्या देशाला लाकडाच्या पेटीवर कसला शिक्का लागतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. एकदा सांगितलंही होतं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी तक्रार केली.

ऑफिसचा खरा धंदा पेणच्या गणपतींवर चालायचा. पेणजवळच्या जोहे गावात घराघरात मूर्तींचे कारखाने. परदेशातल्या मंडळांना भाद्रपदात बाप्पा हवे असतील तर जोह्याहून त्यांना उन्हाळ्यातच निघावं लागतं. तुळशीराम म्हात्रे हे भावनाचं तिथलं पहिलं गिऱ्हाईक. त्याच्या पाठोपाठ गावातले आणखी आठ कारखानदार आले. तुळशीराम ज्या पानवाल्याकडे जाई त्याच पानवाल्याकडे ते जात. माल पाठवायलाही त्याच्याच मागे आले.

भावना आरतीला उभी राहायची नाही. तिच्या घरात बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. तुळशीरामने एकदा तिला विचारलं होतं, "ताई, तुम्ही मानत नाही आणि आमच्या देवाची एवढी काळजी कशी काय?"

"देव तुमचा, दादा," ती म्हणाली होती. "पेटी माझी."

मग धंद्याचं वारं फिरलं. पूर्वी जहाजाचं भाडं काय हे हर्षदशेठना फोन करूनच कळायचं. शेठ त्यात आपलं काहीतरी घालून गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक वर आभार मानायचं. आता जहाज कंपन्या ते भाडं कोणालाही सांगू लागल्या. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हापासून सकाळचं भाडं संध्याकाळी टिकेना. मोठ्या फॉरवर्डर कंपन्या एकमेकींना गिळत होत्या, आणि गिळल्यावर नव्या नावाने नवी डायरी पाठवत होत्या. शेठकडे अशा चार डायऱ्या जमल्या होत्या. चारही एकाच माणसाने आणून दिल्या होत्या.

आणि त्यात आलं 'झटकार्गो'. ते एक ॲप होतं. माल कुठून कुठे जायचा ते टाका, मिनिटात भाडं हजर. शेठपेक्षा स्वस्त. चांगलं पाचव्या हिश्श्याने स्वस्त.

तुळशीरामची मुलगी प्राप्ती नवी मुंबईत एम. बी. ए. करून घरी आली होती. तिने बापाला ते ॲप दाखवलं. तुळशीरामने मान डोलावली. भावनाला मात्र त्याने काही सांगितलं नाही. नुसता फोन उचलायचा बंद केला. बाकीचे आठही त्याच्या मागे गेले.

हर्षदशेठना बातमी कळली तेव्हा ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

"भावनाबेन, पेणचा माल गेला तर जूनच्या शेवटी शटर पाडायचं. हवे बस, आता पुरे."

सेहेचाळीसाव्या वर्षी तिला कोण नोकरी देणार होतं? तिचं सगळं ज्ञान असं की ते ह्याच खुर्चीत उपयोगाचं. बाहेर कोणाला ऑकलंडच्या कस्टमवाल्याच्या जेवणाशी काय देणंघेणं?

मे संपत आला. एका सकाळी साडेनऊला फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. तुळशीरामची आई, मनुबाई. वय ऐंशी, आवाज वीस वर्षांचा.

"बाय, तू आली न्हाय यंदा?"

"आजी, यंदा तुमचा माल दुसरीकडून गेला ना."

"त्याच मी बोलतंय. मानसं बरी न्हाईत ती. त्या डायवरनं शिदोरी घेतली न्हाय."

भावनाच्या हातातलं पेन थांबलं.

शिदोरीची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. पहिला कंटेनर निघाला तेव्हा मनुबाई लाल फडक्यात पोहे, गूळ, मूठभर तांदूळ आणि नारळ बांधून आली होती. विसर्जनाला बाप्पासोबत शिदोरी देतात, मग एवढ्या लांबच्या वाटेला बाप्पाला रिकाम्या हाताने कसं धाडायचं, असं तिचं म्हणणं. माल चालला होता न्यूझीलंडला. तिकडचे लोक धान्य, बी, पानफूल ह्या बाबतीत फार कडक. एका दुसऱ्या गावच्या कारखानदाराच्या पेट्यांत भाताचा पेंढा निघाला होता. अख्खा कंटेनर तिथल्या बंदरात अडकला आणि बाप्पा मंडळात पोचले दसऱ्याला. तेव्हा मंडळ गरबा खेळत होतं.

म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. भावनाने तिचा हात धरला होता. "आजी, शिदोरी पेटीत कोंडून कशी चालेल? ती रथ हाकणाऱ्याच्या हाती देतात." मनुबाईला ते पटलं. ट्रेलरचा ड्रायव्हर सदू घरत. त्याने फडकं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पेणच्या बाहेर पडल्यावर गाडी बाजूला घेऊन सगळं खाल्लं. तेव्हापासून जोह्याची फेरी सदूने कधी दुसऱ्याला दिली नाही. घरात कोणाला हे माहीत नव्हतं. तुळशीरामला वाटायचं, आई ड्रायव्हरला नाश्ता देते.

"मग आजी," भावनाने हळूच विचारलं, "शिदोरीचं काय केलंत?"

"त्यो बोलला, अम्मा, गाडी में खाना मना है, कॅमेरा लगा है. कॅमेरा खातो का काय? मंग मी मोठ्या बाप्पाच्या पेटीत ठेवली. पोरं च्या प्यायला गेलेली तवा. उंदराच्या मागं, कोणाला दिसनार न्हाय अशी."

"आणि गाडी?"

"गेली की मगाच."

भावनाने फोन ठेवला. हर्षदशेठनी चहाचा कप खाली ठेवला होता. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"जवा दो, भावनाबेन."

"काय जवा दो?"

"जाऊ दे ना माल. तिकडे पकडला तर सारुं, चांगलंच. पेणमध्ये झटकार्गोचं नाव कोणी घेणार नाही. नऊच्या नऊ हात जोडून परत येतील. आपण काय केलं? कंई नहीं केलं."

शेठ खोटं बोलत नव्हते. तिने काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. इतकं सोपं काम बावीस वर्षांत तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

तिने ते करून पाहिलं. आपला चहा घेतला आणि गप्प बसून प्यायला. कप निम्मा झाला तोवर छान चाललं होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर ती पेटी आली. आतला गूळ आला. चाळीस दिवस समुद्रात, बंद कंटेनरात, उन्हाने पाझरणारा गूळ. त्यात चिकटलेले पोहे. वाईट पॅकिंग तिला बघवत नसे. दुसऱ्याच्या लग्नात आहेराचं खोकं सैल बांधलेलं दिसलं तरी ती उठून बांधून द्यायची.

"शेठ, ऑकलंडच्या जहाजासाठी बंदराचं गेट आज सहाला बंद होणार," ती म्हणाली. "त्याच्या आत काढायला पाहिजे."

"तुम्ही वेड्या आहात, बेन."

"ते आहेच."

तिने तुळशीरामला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मेसेज आला, 'ताई जेवतोय.' घड्याळात पावणेदहा वाजले होते.

मग तिने प्राप्तीला फोन केला. प्राप्तीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मावशी, राग मानू नका. पण आमचा माल आता तुमच्याकडे नाही. मग हे तुम्ही का सांगताय?"

पोरीचं चुकत नव्हतं. गिऱ्हाईक गमावलेली बाई गिऱ्हाइकाला सांगते की तुझा माल अडकणार. ह्यावर तिचा स्वतःचाही विश्वास बसला नसता.

"आणि ॲपवर सगळं ग्रीन दाखवतंय," प्राप्ती म्हणाली.

"हिरवं असणारच. त्यात शिदोरीचा रकाना नाही. जा, आजीला विचार."

प्राप्तीने विचारलं. फोनमधून मनुबाईचा आवाज आला, "मी? न्हाय बा. मी कशाला ठेवीन?"

"ऐकलंत?" प्राप्ती म्हणाली.

नातीच्या धाकाने म्हातारी फिरली होती. भावनाने डोळे मिटले. "आजीला फोन दे. एकच मिनिट."

"आजी," ती म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. पण त्यात गूळ आहे ना?"

"हाय. मंजे, असता तर असता."

"गुळाला मुंग्या लागतील, आजी. चाळीस दिवसांची वाट. मुंग्या बाप्पाच्या सोंडेत जातील."

"सोंडेत?"

"चाळीस दिवस, आजी."

"अगं बाय माझे!" मनुबाई ओरडली. "प्राप्ते, काढा ती शिदोरी आधी! उंदराच्या मागं हाय, उंदराच्या मागं! तुळश्या, ए तुळश्या, जेवतस काय!"

तुळशीराम आणि प्राप्ती गाडी काढून निघाले. वाटेत प्राप्तीने झटकार्गोच्या मदतकक्षात लिहिलं. तिथे मीरा नावाची बाई होती. ती बाई नव्हती. मीराने उत्तर दिलं, 'आपली शिदोरी आमच्यासाठी महत्त्वाची आहे. कृपया शिदोरीचा ट्रॅकिंग क्रमांक द्या.' प्राप्तीने पुन्हा समजावून लिहिलं. मीरा म्हणाली, अठ्ठेचाळीस तासांत आमचा प्रतिनिधी संपर्क करील. खालच्या नकाशात कंटेनर अरबी समुद्रात शिरलेला दिसत होता, वेळेवर.

कंटेनर खरा कुठे होता हे सदूने शोधलं. भावनाने त्याला फक्त प्राप्तीकडून घेतलेला गाडीचा नंबर सांगितला. त्याने तो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत त्याचा फोन आला. "ताई, करळ फाट्यावर बंदराच्या लाइनीत हाय. पुढं चाळीसेक गाड्या. डायवर झोपलाय. उठवू?"

"उठव. पण प्रेमाने."

"त्याने माझी शिदोरी नाय घेतली, ताई. प्रेमाने कसा उठवू?"

एक अडचण उरली होती. बंद कंटेनरचं सील तोडायचं तर मालकाने लेखी द्यायचं, नवं सील लावायचं आणि त्याचा नंबर कस्टमच्या कागदांत बदलून घ्यायचा. कागद ज्याने भरले त्यालाच ते बदलता येतात, म्हणजे झटकार्गोच्या माणसाला. पण झटकार्गोला उरणात ऑफिसच नव्हतं. मग इथे त्यांचं काम करतं कोण?

भावनाने खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानामागे स्वप्निल बसायचा. दहा वर्षांपूर्वी तो भावनाच्या हाताखाली कागद भरायला शिकला होता. हल्ली तो तिला बघून नजर चुकवायचा. तिला वाटायचं, त्याने आपल्याला लग्नाला बोलावलं नाही म्हणून.

ती खाली उतरली.

"स्वप्निल, झटकार्गोचं काम इथे कोण बघतं रे?"

स्वप्निलने आपल्या चपलांकडे पाहिलं. "ताई, हळू बोला ना."

"त्यांच्या ॲपवर लिहिलंय, एकशे चाळीस बंदरांत आमचं जाळं आहे."

"हो."

"उरणातलं जाळं म्हणजे?"

"मी," स्वप्निल म्हणाला. "आणि माझी स्कूटर."

भावना हसली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली, एवढंच. मग म्हणाली, "चल, जाळं चालू कर. सील बदलायचंय."

दुपारी दोनला एका ओळखीच्या यार्डात कंटेनर उघडला. मोठ्या बाप्पाची पेटी नशिबाने दाराशीच होती. चार माणसांनी ती खाली घेतली. झाकण उघडलं. चार फुटी मूर्ती, फोमच्या तुकड्यांत गळ्यापर्यंत बुडालेली. फोम हातांनी सारला तेव्हा पायाशी उंदीर दिसला. उंदराच्या मागे लाल फडकं.

फडक्याची गाठ सुटली होती. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी आपलं काम केलं होतं. पोहे आणि तांदूळ फोमच्या तुकड्यांत पार खालपर्यंत गेले होते.

"थोडेसेच आहेत," तुळशीराम म्हणाला. "कोणाला दिसणार?"

"एक दाणा दिसला तरी पुरे," भावना म्हणाली. ओढणी कमरेला बांधून ती पेटीशी बसली.

सगळा फोम बाहेर काढला. जुना टाकून नवा मागवला. पण दाणे उंदराच्या कानात गेले होते, पाटाच्या कोपऱ्यांत गेले होते, सोन्याच्या रंगाच्या नक्षीत अडकले होते. रंग ओरखडायचा नव्हता. प्राप्तीने मोबाइलचा टॉर्च धरला. भावना भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक दाणा उचलत राहिली. चिमटा प्राप्तीच्या पर्समधला.

"मावशी, दर वर्षी तुम्ही हे वेचत होतात?"

"वेचत नव्हते. दर वर्षी आजीशी बोलत होते."

प्राप्तीने टॉर्च जवळ आणला. "आणि ह्याचे पैसे बिलात कुठे लावायचात?"

"ह्याचे कसले पैसे?"

"म्हणजे लावतच नव्हतात?"

"शेठना कळलं असतं तर त्यांनी लावले असते."

"मग आम्हाला कसं कळणार तुम्ही काय करता ते!" प्राप्ती एकदम चिडून म्हणाली. "आम्ही दोन भाडी शेजारी ठेवून बघितली. एक जास्त, एक कमी. तुमच्या जास्तीत आजी होती हे कुठे लिहिलं होतं?"

भावनाचा चिमटा उंदराच्या कानात थांबला. बावीस वर्षांत आईला जे समजावता आलं नव्हतं, ते ही पोर तिलाच समजावत होती.

पाचला नवं सील लागलं. स्वप्निलने कागद बदलून आणले. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. सहाला वीस मिनिटं असताना ट्रेलर गेटच्या आत गेला.

तुळशीराम भावनाजवळ आला. बराच वेळ गाडीच्या चावीशी खेळत राहिला.

"ताई, ते सकाळचं जेवण..."

"काय होतं जेवायला?"

"लाज वाटत होती हो." मग तो खरं तेच बोलला. "पण ताई, भाडं फार कमी आहे त्यांचं. सगळे कारखानदार तिकडेच चाललेत. मी एकट्याने जास्त देऊन कसं भागेल?"

"नाही भागणार," भावना म्हणाली. "आणि तेवढ्यात मलाही जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी शेठनी ती आल्या आल्या विचारलं, "आव्या के? परत आले?"

"नाही."

"एक पण नाही?"

"एकही नाही."

शेठनी टायरवाल्याला हाक मारली. वरची जागा त्याला गोदामाला हवी होती. तो टेप घेऊन आला आणि भिंती मोजायला लागला. भावनाचं टेबल त्याने दोनदा मोजलं. तेवढ्यात फोन वाजला. प्राप्ती होती.

"मावशी, काल घरी येऊन मी एक केलं. गावात नऊ कारखाने झटकार्गोवर आहेत. नऊही घरी जाऊन आले. यंदा आजीचं ऐकून पाच घरांत पेटीत शिदोरी ठेवणार आहेत. एका घरात दूर्वांची जुडी. एका काकांनी तर पेटीत गावची माती घातलीय, न्यूझीलंडच्या मुलाला वास यावा म्हणून."

"देवा," भावनाच्या तोंडून निघालं. तिने लगेच जीभ चावली.

"जहाज त्यांचंच राहू दे. ते स्वस्त आहे. पण झाकण लागायच्या आधी तुम्ही यायचं. पेट्या, कागद, ड्रायव्हर, सगळं तुम्ही बघायचं. त्याचं बिल वेगळं. नऊही तयार आहेत. आणि ह्या वेळी बिलात नीट लिहायचं हं, काय काय केलं ते."

भावनाने फोनवर हात ठेवून शेठना सांगितलं. शेठचा चेहरा पडला. पन्नास वर्षांचा जहाजाच्या भाड्याचा धंदा.

"एटले, म्हणजे आपण आता फॉरवर्डर नाही. मुकादम."

"हो, शेठ."

"बिल वेगळं, म्हणाली?"

"वेगळं."

शेठनी टायरवाल्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात टेपचं एक टोक धरून दुसऱ्या टोकासाठी माणूस शोधत होता. "अरे भाई," शेठ म्हणाले, "हवे नहीं, आता नाही. दिवाळीनंतर ये."

टायरवाला गेला. भावनाने खुर्ची पुढे ओढली. प्राप्तीने पाठवलेली यादी उघडली. पहिल्या कारखान्याचा नंबर लावला. पलीकडून एक पुरुषी आवाज आला, "बोला."

"दादा, मी भावना बोलतेय, जासईहून. इतकी वर्षं पेट्यांचं तुमच्याशीच बोलले. तुमच्या घरात सगळ्यात म्हातारं माणूस कोण आहे?"

"आजोबा आहेत. का?"

"त्यांना फोन द्या," भावना म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.